घर भाड्यानं पाहिजे: दोघं जण अन् एक कुत्री

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

मागच्या एपिसोडनंतर तिघा-चौघांनी विचारलं की तुमच्या मागून सारखा टकटक-टकटक आवाज येतो तो कशाचा. कीबोर्डचा नाही तो. फरशीवर नखं वाजतात. हरणीची. हरणी म्हणजे आमची कुत्री, वय साडेचार वर्षं, आत्ताही माझ्या खुर्चीखाली बसलीय अन् मी कुणाशी बोलतोय हे तिला कळत नाहीये.

तर आज तिच्याविषयी. म्हणजे तिच्यापेक्षा तिच्यासाठी शोधलेल्या घरांविषयी. लातूर अन् नांदेड मिळून दोन वर्षांत मी सत्तावीस घरं पाहिली. आकडा नक्की आहे, कारण मी शीट ठेवली होती. इंजिनिअर माणूस, दुसरं काय करणार. शीटमध्ये एक रकाना होता "नकाराचं कारण". तो रकाना वाचण्यासारखा आहे.

पुण्यात होतो तेव्हा हे सोपं होतं असं नाही, पण निदान ॲपमध्ये एक चौकोन होता. "पेट फ्रेंडली". टिक करायचं, चारशे घरांची अकरा घरं व्हायची, त्यातली आठ परवडायची नाहीत. पण प्रश्न विचारलेला असायचा. आपल्याकडं प्रश्नच नाही. आपल्याकडं विजेच्या खांबाला बोर्ड असतो, "खोली भाड्याने देणे आहे, फक्त फॅमिली", खाली मोबाईल नंबर, त्यातला एक आकडा पावसानं गेलेला. फोन लावला की समोरून पहिला प्रश्न, "काय करायलाव तुम्ही?" दुसरा, "किती जणं?" मी म्हणायचो, दोघं नवरा-बायको, अन् एक कुत्री. मग थोडा वेळ शांतता. मग, "कुत्री म्हणजे?"

हरणी पश्मी आहे. पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगतो: मुधोळ हाउंड ऐकलाय ना, त्याच घराण्यातली. गुळगुळीत अंगाची ती कारवान, अन् कानाला, शेपटीला, पायांना लांब रेशमी केस असतात ती पश्मी. पश्म म्हणजे लोकर, फारसी शब्द. लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यात जानवळ नावाचं गाव आहे, ते या कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. आमचं गाव त्याच तालुक्यातलं. माझ्या चुलत्याच्या शेतात २०२१ मध्ये पिल्लं झाली, मी तेव्हा पुण्याची नोकरी गावातून करत होतो, आंब्याखाली लॅपटॉप अन् मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. एक पिल्लू चपलेवर येऊन झोपायचं. झालं.

पोस्ट खात्यानं २००५ साली देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ हाउंड आहे. थोडक्यात, खानदानी मंडळी. पण रस्त्यानं चाललो की हमखास कुणीतरी थांबवतं, "अहो, खायला घाला की तिला, फासळ्या दिसायल्यात." मी समजावून थकलो की ही जातच अशी, पळणारी. आता मी म्हणतो, हो मावशी, घालतो.

लातूर

२०२३ मध्ये लग्न झालं. बायको तेव्हा लातूरला एका दवाखान्यात नर्स होती, अन् माझं काम घरूनच, तर लातुरात घर बघायला लागलो. लातूरचं गणित बाहेरच्यांना पटकन कळत नाही. इथं घर भाड्यानं देणं म्हणजे पोरांना देणं. लातूर पॅटर्न, क्लासेस, दहावी झालेली पोरं आख्ख्या मराठवाड्यातून येतात. औसा रोड म्हणा, अंबाजोगाई रोड म्हणा, घरमालक कॉट बेसिसवर देतो. एका खोलीत चार कॉट, चार भाडी. जूनमध्ये भरलं की वर्षभर बघायला नको. अशा माणसापुढं मी जाऊन म्हणणार, दोन खोल्या द्या, आम्ही दोघंच, अन् कॉटवर न झोपणारी एक कुत्री. त्याला तोटाच दिसणार ना. मला राग यायचा तेव्हा. आता वाटतं, त्याच्या शीटमध्ये मीच एज केस होतो.

पण लातूरचा खरा प्रश्न वेगळा निघाला. बार्शी रोडला एक काका होते, सत्तरीचे. घर छान, खाली अंगण, पेरूचं झाड. त्यांनी हरणीला बघितलं, भ्यायले नाहीत, हात पुढं केला. मला वाटलं जमलं. मग त्यांनी विचारलं,

"अंघोळ किती वेळा घालता हिला?"

"महिन्यातून एकदा, काका. कधी दोन महिन्यांनी."

"अन् तुम्ही?"

मी हसलो. ते हसले नाहीत. ते गंभीरपणे विचारत होते. मग त्यांनी हौद दाखवला, झाकण उघडून. नळाला पाणी किती दिवसांनी येतं, बोअर उन्हाळ्यात कोणत्या महिन्यात दम टाकतो, टँकर कितीला पडतो, सगळं सांगितलं. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं. ११ एप्रिलला पहिली गाडी निघाली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मी तेव्हा नांदेडला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. आमच्यासाठी ती व्हॉट्सॲपवर आलेली बातमी होती. काकांसाठी ते घागर घेऊन रांगेत काढलेले महिने होते. ते माणसं मोजत नव्हते, तोंडं मोजत होते. कुत्री धुण्याचं पाणी, तिनं घाण केली तर फरशी धुण्याचं पाणी. शीटमध्ये मी कारण लिहिलं: "पाणी". आख्ख्या शीटमध्ये मला वाद घालावासा न वाटलेलं कारण ते एकच.

शेवटी लातुरात आठ महिने काढले ते मामांच्या ओळखीच्या एका घरात. वर पत्रे होते. एप्रिलमध्ये दुपारी दोनला मी क्लायंटच्या कॉलवर, हरणी ओल्या गोणपाटावर, अन् दोघंही धापा टाकतोय. त्याविषयी जास्त सांगत नाही.

नांदेड

२०२४ मध्ये बायकोला विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात नोकरी लागली. मला आनंदच. चार वर्षं तिथंच शेजारी एसजीजीएसला काढलेली, प्रत्येक टपरी माहिती. म्हटलं, घर आठ दिवसांत मिळेल.

पहिल्याच घरी, सिडकोच्या बाजूला, हॉलमध्ये दत्ताची तसबीर. मोठी, लाइटची माळ लावलेली. घरचे लोक दरवर्षी माहूरला जाणारे. काकूंनी चहा केला, बिस्किटं दिली, मग म्हणाल्या, "तुमचं सगळं चांगलंय हो, पण आमच्यात घरात कुत्रं चालत नाही." मी तसबिरीकडं बघितलं. दत्ताच्या पायाशी चार कुत्री. काकूंनीही बघितलं. त्यांना कळलं मी काय बघतोय. म्हणाल्या, "ती देवाची."

मी हे चेष्टेनं सांगत नाहीये. आपल्याकडं कुत्रं परकं नाहीच. खंडोबाजवळ कुत्रं आहे, दत्ताजवळ आहे. नांदेडहून लातूरला येताना लोहा तालुक्यात माळेगाव लागतं, तिथं मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते, घोडे, गाढवं, उंट, सगळं येतं, अन् श्वान प्रदर्शनही असतं, नंबर काढतात. शेतात कुत्रं पाहिजे, आखाड्यावर पाहिजे, वाड्याच्या दारात पाहिजे. फक्त उंबऱ्याच्या आत नको. अन् फ्लॅट म्हणजे नुसता उंबऱ्याच्या आतला भाग असतो, त्याला बाहेर नसतंच. माझ्या मते सगळी अडचण इथंच आहे. काकूंचा नियम त्यांच्या सासूच्या वाड्यात बरोबर होता.

आता एक गोष्ट सांगतो जी शीटमध्ये नव्हती. नांदेडला घर शोधताना माझ्याबरोबर गाडीवर माझा कॉलेजचा मित्र असायचा, तोही घर शोधत होता. त्याच्याकडं कुत्रं नाही, मांजर नाही, पगार माझ्यापेक्षा जास्त. आम्ही दोघं एकाच दिवशी एकाच बिल्डिंगमध्ये दोन रिकामे फ्लॅट बघायला गेलो. मला विचारलं, कुत्रं चावतं का, रात्री भुंकतं का, कागद आहेत का. वीस मिनिटं चौकशी. त्याला एकच विचारलं, "पूर्ण नाव काय तुमचं?" त्यानं सांगितलं. मग कळलं की तो फ्लॅट कालच गेला. बाहेर येऊन तो गाडीला किक मारत म्हणाला, "तुझं बरंय, तुला कारण तरी सांगतेत."

त्यानंतर मी लोकांना "आमच्यावर अन्याय होतो हो" असं म्हणणं जरा कमी केलं.

तिसरा मजला

घर मिळालं ते कौठ्यात. तिसरा मजला, लिफ्ट आहे पण ती बहुतेक वेळा झोपलेली. मालक बाहेरगावी राहायचे. फोनवर म्हणाले, "कुत्रं ना? चालतंय की. माझं काही नाही. भाडं वेळेवर टाका." मी खूश. नोटरीकडं जाऊन बाँडवर अकरा महिन्यांचा करार झाला. छापील मजकूर, त्यात नाव अन् आकडे भरलेले. कुत्र्याचा शब्दही नाही त्यात. मी म्हटलं, फोनवर हो म्हणालेत ना.

ही माझी चूक. मी रोज कामात लोकांना सांगतो की कॉलवर ठरलं ते ठरलं नसतं, मेल टाका. स्वतःच्या घराच्या बाबतीत मेल टाकला नाही.

दोन महिने निवांत गेले. पश्मी फार भुंकत नाही, हे एक बरं असतं. सकाळी साडेपाचला अन् रात्री दहाला मी तिला जिन्यानं खाली न्यायचो, गोदावरीच्या बाजूला चक्कर, खिशात कागद अन् पिशवी. समोरच्या फ्लॅटमधली आजी तिला "हरणाबाई" म्हणायची.

मग एका रविवारी गॅस सिलिंडरवाला आला. दार उघडं राहिलं. जिन्यात मुलं खेळत होती, एक मांजर पळालं, अन् तिच्या मागं हरणी. ही जात डोळ्यांनी शिकार करणारी आहे, पळणारं काही दिसलं की मधलं सगळं जग पुसून जातं. ती मुलांकडं बघतही नव्हती. पण दुसऱ्या मजल्यावरचा सात वर्षांचा मुलगा, त्याला काय दिसलं? एवढं उंच जनावर आपल्याकडं सुसाट येतंय. तो पळाला, जिन्यावर पडला, गुडघ्याला तीन टाके.

चावलं नाही. ओरखडाही नाही. मी त्या दिवशी दहा जणांना हे सांगितलं, "चावलं नाही हो." बायको रात्री म्हणाली, "तू हे सारखं का म्हणायलास? त्या लेकराचा गुडघा फुटलाच ना." ती रोज टाके घालताना बघते, तिला माझं वाक्य ऐकवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी गेलो, माफी मागितली, दवाखान्याचा खर्च दिला. मुलाच्या वडिलांनी पैसे घेतले नाहीत. बोललेही नाहीत.

बुधवारी गच्चीवर मीटिंग. आमची सोसायटी कागदावर रजिस्टर नव्हती, पण मीटिंग व्हायला रजिस्ट्रेशन लागत नाही. मी आदल्या रात्री जागून सगळा कायदा वाचून गेलो होतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं फेब्रुवारी २०१५चं परिपत्रक आहे: सोसायटीला बहुमतानंसुद्धा पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, भुंकणं हे बंदीचं कारण होऊ शकत नाही. त्याच परिपत्रकात पाळणाऱ्यांनाही सांगितलंय, पट्टा लावा, घाण उचला, लस द्या. राज्यघटनेचं कलम ५१क(छ), प्राण्यांविषयी दयाबुद्धी हे मूलभूत कर्तव्य. केरळ उच्च न्यायालयाचा २०२१चा निकाल, सोसायटीच्या नियमांतली पाळीव प्राणी ठेवण्यावरची बंदी बेकायदेशीर. सगळ्याच्या प्रिंट काढल्या होत्या.

प्रिंटआउट खिशातच राहिल्या. समोर ते लेकरू बसलं होतं, गुडघ्याला पट्टी. तिथं कलम कसं वाचणार?

अन् वाचलं असतं तरी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहिती नसते, मलाही नव्हती. ते परिपत्रक सोसायटीला लागू. घरमालकाचं तसं नाही. माझं घर, मी कुणाला द्यायचं, कुत्रं चालेल की नाही, हे तो करार करताना ठरवू शकतो. म्हणजे भाडेकरूच्या बाबतीत सगळं येऊन थांबतं करारावर.

शुक्रवारी मालकांचा फोन. "सर, माझं काही नाही हो, पण लोकं ऐकत नाहीत. महिनाभरात बघा."

माझ्या एका वकील मित्रानं सांगितलं की लढता येईल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५. भाडेकरार लेखी अन् नोंदणीकृत पाहिजे, अन् नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याविषयी भाडेकरू जे म्हणेल ते धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपला नोटरीचा बाँड म्हणजे नोंदणी नव्हे, हे लक्षात ठेवा, नांदेड-लातुरात निम्मे लोक त्यालाच रजिस्टर करार समजतात. म्हणजे "कुत्रं चालेल असं ठरलं होतं" हे माझं म्हणणं चाललं असतं कदाचित.

मी लढलो नाही. बायकोची नाइट ड्युटी असते. रात्री नऊला ती एकटी त्या जिन्यानं उतरते. तीन मजल्यांवर कुणी तोंडाकडं बघत नसेल तर कायदा जिंकून काय करायचं त्या घरात? डिपॉझिटमधून दोन दारांचे पैसे कापले. दारांवर ओरखडे होते, ते बरोबर कापले.

शेत

या महिन्यात सगळ्यांनी एकच सल्ला दिला. "गावाकडं सोडा की. शेत आहे ना." काहींच्या बोलण्यात "सोडा"चा अर्थ वेगळा होता, नांदेड-लातूर रोडला कुठंतरी गाडीतून उतरवा. कायद्यानं प्राणी असा वाऱ्यावर सोडणं गुन्हा आहे, १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. हो, बरोबर ऐकलं. टोलनाक्यावर जास्त जातात.

पण बापूंचं, म्हणजे माझ्या वडिलांचं म्हणणं तसं नव्हतं. ते म्हणाले, "ही शेतातली जात. तू तिला तिसऱ्या मजल्यावर ठेवलास. तिला विचारलास का?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. खरंच नव्हतं. मी तिला ठेवलं ते तिच्यासाठी की माझ्यासाठी, हे मला अजूनही सांगता येत नाही. मी दिवसाचे दहा तास स्क्रीनसमोर एकटा असतो. बायको ड्युटीवर. त्या खोलीत श्वास घेणारं दुसरं कुणी पाहिजे असतं मला.

तिला गावी नेऊन सोडलं. तीन आठवडे. अन् ती खूश होती, हे मी कबूल करतो. बापू व्हिडिओ पाठवायचे, सोयाबीनच्या कडेनं पळतेय, कान मागं, धुळीचा पट्टा. मला वाटलं, संपलं, बापूच बरोबर.

बाविसाव्या दिवशी सकाळी सहाला फोन. कुणीतरी रानडुकरांसाठी तारेचा फासा लावला होता. मागचा पाय त्यात. ओढून ओढून तिनं तार हाडापर्यंत नेली होती. बापूंनी पक्कडीनं तार तोडली, जीपमध्ये घालून उदगीरला नेलं, तिथं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मी नांदेडहून पोचलो तोवर पट्टी झाली होती. ती भुलीतून बाहेर येत होती, माझा वास आला तशी शेपटी हलली, डोळे बंदच. बापू व्हरांड्यात बसले होते, शर्टावर तिचं रक्त. म्हणाले, "घेऊन जा." दुसरं काही बोलले नाहीत.

ड्रायव्हर काका

तर परत शीट. यावेळी मी उलटं केलं. फोनवर पहिलं वाक्यच, "काका, आमच्याकडं कुत्री आहे, तिच्यामुळं एका मुलाला लागलंय, म्हणून ते घर सोडलंय. पुढचं बोलू का?" नऊ जणांनी तिथंच ठेवला. दहावे म्हणाले, "घेऊन या तिला. आधी बघू."

असर्जनच्या बाजूला रो-हाऊस. समोर मोकळे प्लॉट, अजून डांबर नाही, पावसात बूट चिखलात जातो, दुकान लांब. शहराबाहेरच्या या वस्त्यांमध्ये भाडेकरू पटकन मिळत नाही, हे माझ्या पथ्यावर पडलं. मालक एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. हरणी लंगडत उतरली. काकांनी तिचा कान हातात घेऊन केस बघितले अन् म्हणाले, "पश्मी आहे की ही. माळेगावला जादा गाड्या घेऊन जायचो मी, तिथं बघितल्यात."

मला वाटलं झालं काम. पण काका कच्चे नव्हते. अटी सुरू. डिपॉझिट एक महिन्याचं जास्त. लसीच्या कार्डाची झेरॉक्स, दरवर्षी नवी. फाटकाला आतून दुसरी कडी, माझ्या खर्चानं. शेजारी लहान मुलं आहेत, फाटकाबाहेर पट्टा सुटता कामा नये, एकदा जरी सुटला तर महिनाभरात घर खाली. मी प्रत्येक गोष्टीला हो म्हणालो, अन् म्हटलं, माझी एक अट. हे सगळं करारात लिहायचं, अन् करार नोंदणी करायचा.

"कशाला खर्च?"

खर्च म्हणाल तर, भाडं नऊ हजार, अकरा महिन्यांचे नव्व्याण्णव हजार, त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे अडीचशे-तीनशे रुपये. नोंदणी फी शहरी भागात हजार, ग्रामीण भागात पाचशे. घरबसल्या ऑनलाइन होतं, आधार अन् अंगठा लागतो. अंगठ्याचं मशीन काकांचा अंगठा घेईना. तीस वर्षं स्टेअरिंग धरलेला हात, रेषाच पुसलेल्या. साइटनं आम्हाला दोनदा बाहेर काढलं. माझा व्यवसाय हाच आहे म्हणून मला त्या साइटविषयी बोलायला लाज वाटते. अकराव्या प्रयत्नात लागला, ओलं फडकं अन् थोडं खोबरेल.

करारातलं वाक्य काकांनीच सांगितलं, मी टाइप केलं: "परवानाधारक यांच्यासोबत हरणी नावाची एक पाळीव कुत्री राहील व त्यास मालकाची संमती आहे." पुढं त्यांच्या सगळ्या अटी. सरकारी कागदावर तिचं नाव आलं. मी त्याचा फोटो बापूंना पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला, इमोजीचा.

त्या कागदाचा उपयोग एकदा झाला. २०२५च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाचा दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांविषयीचा आदेश आला, सगळी उचलून निवाऱ्यात ठेवा म्हणून. अकरा दिवसांत तो बदललाही, निर्बीजीकरण अन् लस देऊन जिथून उचललं तिथंच सोडा, पिसाळलेली अन् हल्लेखोर वगळून. पण पहिला आदेश व्हॉट्सॲपवर जेवढा फिरला तेवढा दुसरा फिरला नाही. गल्लीच्या टोकाचे एक गृहस्थ संध्याकाळी फाटकाशी आले, मोबाईल पुढं करून. "कोर्टानं सांगितलंय, कुत्री ठेवता येत नाहीत." मी समजावत होतो, अहो ते भटक्यांचं, ते दिल्लीचं. ऐकेनात. काका भाडं घ्यायला आले होते. त्यांनी चष्मा लावला, म्हणाले, "आमच्या करारात तिचं नाव आहे. तुमच्या मोबाईलमध्ये आहे का?" गृहस्थ गेले. काकांनी मग मला दटावलं, "पण त्यांचा नातू भितो हिला, ते खरंय. तिकडून नेत जाऊ नकोस." तेव्हापासून आम्ही उलट्या बाजूनं फिरतो, लांब पडतं.

एकदा करार वाढवून झालाय. दुसरे अकरा महिने आता संपत आलेत. काका परवा येऊन गेले. मुलगा पुण्याहून परत यायचं म्हणतोय, आला तर घर त्याला लागेल, नक्की काही नाही, मार्चपर्यंत सांगतो म्हणाले. जाताना हरणीचा मागचा पाय उचलून जखमेची खूण बघितली, केस आले का तिथं. आले नाहीत अजून.

शीट मी डिलीट केलेली नाही. अठ्ठावीस नंबरची ओळ रिकामी आहे.

आता ती उठलीय, टकटक ऐकू येत असेल तुम्हाला. पट्टा दाराच्या खिळ्याला असतो, तिथं जाऊन उभी राहिलीय. साडेपाच होत आले. ठेवतो.